बोरीचा बार

बोरीचा बार ही महाराष्ट्राच्या सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात पाळली जाणारी एक लोकप्रथा आहे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे श्रावण शुद्ध षष्ठीस, सुखेड आणि बोरी या शेजारच्या गावांतील स्त्रिया गावांदरम्यानच्या ओढ्याच्या दोन्ही काठांवर जमून एकमेकींना शिव्या देतात.

== स्वरूप ==
दोन्ही गावांतील स्त्रिया वाजतगाजत ओढ्यावर येतात. वाद्यांच्या गजरात हातवारे करीत समोरच्या गावातील स्त्रियांना शिव्यांची लाखोली वाहिली जाते. हा प्रकार पाहण्यासाठी परिसरातून मोठी गर्दी होते व पोलीस बंदोबस्त ठेवला जातो. या शिव्यांचा राग धरायचा नाही, असा संकेत आहे. बार संपल्यावर दोन्ही गावांचे व्यवहार पूर्ववत चालू राहतात.

== आख्यायिका ==
प्रथेच्या उगमाविषयी एकाहून अधिक कथा सांगितल्या जातात. त्यांपैकी एकीनुसार दोन गावांत राहणाऱ्या दोन सवतींचे या ओढ्यावर भांडण झाले व त्याची आठवण म्हणून बार भरू लागला.

== सांस्कृतिक संदर्भ ==
एरवी निषिद्ध असलेल्या भाषेला सणापुरती मुभा देण्याची पद्धत इतरत्रही आढळते. महाराष्ट्रात शिमग्याला बोंब मारण्याची व अपशब्द उच्चारण्याची रूढी आहे. प्राचीन ग्रीसमध्ये डिमिटर देवीच्या थेस्मोफोरिया या केवळ स्त्रियांच्या उत्सवात अश्लील थट्टा हा विधीचाच भाग होता. शिमग्यात ही मुभा प्रामुख्याने पुरुष घेतात. बोरीच्या बारात ती स्त्रियांकडे असते, हे या प्रथेचे वेगळेपण होय. नागपंचमीशी निगडित अशीच एक स्थानिक परंपरा शेजारच्या सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे आहे. तेथील जिवंत नागांच्या पूजेवर मात्र वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे बंधने आली.

== मूल्यमापन ==
वर्षभर मर्यादेचे दडपण सोसणाऱ्या स्त्रियांना ही प्रथा एक दिवस उघडपणे बोलण्याची संधी देते, असे तिचे समर्थन करता येते. याउलट, मराठीतील अनेक शिव्या आई, बहीण व स्त्रीदेह यांनाच लक्ष्य करतात. त्यामुळे त्या स्त्रीच्या तोंडी आल्या तरी अवमान स्त्रीचाच होतो, असा आक्षेप घेता येतो. याच कारणास्तव अहिल्यानगर जिल्ह्यातील सौंदाळा (ता. नेवासा) येथील ग्रामसभेने २०२४ मध्ये आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्यास ५०० रुपये दंड करण्याचा ठराव केला. सौंदाळ्याचा ठराव दैनंदिन व्यवहारातील शिवीविषयी आहे. बोरीच्या बारात शिवी ठरलेल्या दिवसापुरती व ठरलेल्या जागेपुरती मर्यादित राहते.