सभासद गेला, किल्ली बदला!

गृहनिर्माण संस्थेतील एखादा भाडेकरू घर सोडून गेला आणि मुख्य दरवाजाची किल्ली त्याच्यापाशीच राहिली, तर कुलूप बदलून प्रत्येक बिऱ्हाडाला नवी किल्ली द्यावी लागते. इंटरनेटवर गोपनीय संवाद साधणाऱ्या गटांपुढे हाच प्रश्न वारंवार उभा राहतो.

गटातील संदेश सांकेतिक स्वरूपात पाठवायचे, तर सर्वांकडे एक सामाईक किल्ली हवी. गेलेल्या सभासदाला पुढचे संदेश वाचता येऊ नयेत आणि नव्याने आलेल्याला मागचे, या तिच्या दोन अटी. नवा सभासद येतो तेव्हा काम सोपे असते. नवी किल्ली जुन्या किल्लीने बंदिस्त करून जुन्या सभासदांना एकदम धाडता येते; नवागताला तेवढी स्वतंत्रपणे द्यायची. जाणाऱ्याला मात्र जुनी किल्ली ठाऊक असते. त्यामुळे ती निरुपयोगी ठरते आणि १,०२४ जणांच्या गटात १,०२३ स्वतंत्र संदेश पाठवावे लागतात.

यावर १९९८मध्ये टेक्सास विद्यापीठातील चुंग की वाँग, मोहम्मद गौडा आणि सायमन लॅम यांनी किल्ल्यांच्या उतरंडीची पद्धत मांडली. सभासद ही झाडाची पाने मानली, तर प्रत्येकाकडे आपल्या पानापासून मुळापर्यंतच्या वाटेवरील किल्ल्या असतात. कोणी गेले की केवळ त्या वाटेवरच्या किल्ल्या बदलायच्या. दोन-दोन फांद्यांच्या झाडात १,०२३ संदेशांचे काम १९ संदेशांत भागते. सभासद दहा लाख असले, तरी सुमारे ४० पुरतात.

या रचनेत सर्व किल्ल्या मध्यवर्ती सर्व्हरच्या हाती राहतात, हा तिचा कच्चा दुवा. जुलै २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मेसेजिंग लेयर सिक्युरिटी’ या प्रमाणपद्धतीने तो दूर केला. तीत झाड तेच, परंतु किल्ल्या सभासदांची उपकरणेच घडवतात. सर्व्हर फक्त निरोप्या असतो. सभासद आपली किल्ली अधूनमधून बदलत राहिल्यास चोरीस गेलेली जुनी किल्लीही पुढे कामाची राहत नाही.

तथापि, गेलेल्याच्या फोनमध्ये आधीच साठलेले संदेश कोणतीही नवी किल्ली पुसू शकत नाही. शिवाय नोकरी सोडलेला सहकारी किंवा हरवलेला फोन गटातून काढल्याखेरीज किल्ली बदलण्याचे कारणच यंत्रणेला कळत नाही. ती खबरदारी माणसांनीच घ्यायची असते.