आधी कागद, मग कापड

‘शिवणकामावर कसला लेख लिहितेस?’ असे मैत्रिणीने विचारले. तिला माझ्याकडून कविता अपेक्षित असावी. पण गेले वर्षभर मी माझे पंजाबी ड्रेसचे कुर्ते स्वतः शिवते, आणि त्यात खरेच पैसे वाचतात का, हे कोणी ना कोणी विचारतेच. म्हणून हा हिशेब.

आमचे बिऱ्हाड चाकणला. वडील एका कंपनीत कंत्राटदाराकडे कामाला. घरात आईचे पायमशीन आहे, पण ती मला त्याला हात लावू देत नसे. तिला सातवीनंतर शाळेतून काढून शिवणक्लासला घातले होते. मुलगी मशीनवर बसली की तिचे शिक्षण सुटले, असे तिच्या मनात पक्के बसलेले. गेल्या वर्षी संमेलनाच्या वेळी एका कुर्त्याची शिलाई साडेतीनशे रुपये ऐकली आणि मी हट्टाला पेटले.

आई जुना कपडा नव्या कापडावर पसरून अंदाजाने कापते. मला तो अंदाज नाही. म्हणून मी आधी वर्तमानपत्रावर नमुना आखते. ही युक्ती काही माझी नव्हे. अमेरिकेतील एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले आणि घरोघरच्या बायका त्यावरून कपडे बेतू लागल्या.

कागदावर अर्धाच भाग आखायचा, कारण कापड दुहेरी घडीवर कापतात. समजा छाती ३४ इंच. तिचा चौथा भाग साडेआठ. सैलपणासाठी एक इंच, आणि शिलाईसाठी दीड इंच माया. झाले अकरा. पाठीचा मुंढा आणि पुढचा मुंढा सारखा नसतो. पुढचा अर्धा इंच जास्त खोल घ्यावा लागतो. हे मला आईने सांगितले. मी आकडे मांडत बसले होते, ती भाकरी टाकायची सोडून शेजारी येऊन बसली. ‘आम्हाला हे पाव-पाऊण कुणी कागदावर दाखवलंच नाही गं,’ म्हणाली.

पहिल्या कुर्त्याला मी माया धरायलाच विसरले! ‘कमवा आणि शिका’च्या पैशातून पिंपरी कॅम्पातून आणलेले दोनशे सत्तर रुपयांचे कापड, त्याच्या उशीच्या खोळी झाल्या. आई एक शब्द बोलली नाही, याचेच जास्त वाईट वाटले. तेव्हापासून पहिला बेत मांजरपाटावर कच्च्या टाक्यांनी घालून पाहते.

कागदाचा खरा फायदा कापडात होतो. शिंपी अडीच मीटर आणायला सांगतो. ४४ इंच पन्ह्याच्या कापडावर पुढचा आणि मागचा भाग एकाखाली एक मांडले, की कडेला सुमारे वीस इंचांची पट्टी उरते. तीत दोन्ही बाह्या बसतात. सव्वादोन मीटरमध्ये काम होते. मात्र नमुना उभ्या धाग्यावरच ठेवावा. तिरका ठेवला तर कुर्ता धुतल्यावर पिळवटतो. आणि सुती कापड कापण्याआधी भिजवून वाळवावे, नाही तर आटते.

आता हिशेब. तीन कुर्ते शिवले. शिलाईचे १०५० रुपये वाचले. वाया गेलेले कापड २७०, आणि दोरा, सुया, तेल मिळून १०० वजा केले तर राहिले ६८०. गेल्या सत्रात परीक्षेच्या फॉर्मसाठी घरी पैसे मागावे लागले नाहीत, ते यामुळे. पण खरे सांगायचे तर तयार कुर्ताही बाजारात तीनशेला मिळतो, आणि माझा धरून-सवरून तेवढ्यालाच पडतो. फरक आत आहे. तयार कपड्यात माया जेमतेम पाव इंच असते. उसवून सैल करायला जागाच नाही. माझा कुर्ता उद्या बहिणीलाही करून देता येईल. ज्यांना घाई आहे, त्यांनी तयारच घ्यावा. अस्तराच्या ब्लाऊजची गोष्ट वेगळी. तिथे शिलाई कापडाहून जड, म्हणून बचतही मोठी.

आईने एकच अट घातली आहे: परीक्षेच्या महिन्यात मशीनवर चादर. शेजारणी ‘आमचंही शिवून दे’ म्हणतात, त्यांना तीच परस्पर नाही म्हणून सांगते.

सध्या तिच्याच ब्लाऊजचा कागद चालू आहे. मांजरपाटावर मुंढा काचला. रविवारी पाव इंच खाली घेऊन पुन्हा पाहू.