सोपाऱ्याचा वारा आणि धान्याची जहाजे

जालन्याहून समुद्र चारशे किलोमीटरांहून अधिक दूर. आपल्या मोंढ्यातील व्यापाऱ्याला वाऱ्याची आठवण होते ती मृगाच्या तोंडावर, आणि तीही पाऊस पडेल की हुलकावणी देईल, एवढ्यापुरतीच. म्हणून गेल्या माघात मुलाने समुद्राचा हट्ट धरला, तेव्हा घरात सर्वांनाच नवल वाटले. फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होण्याचे शिक्षण कर्नाटकातील मुलकी येथे मिळते, हे त्याने कोठेतरी पाहिले होते. मुलकी फार दूर पडली असती. ऐंशीच्या घरातील बाबूजी म्हणाले, “समुद्रच पाहायचा तर आगाशीला चला. दर्शनही होईल.” एक रात्र जाण्यात, एक रात्र येण्यात आणि मध्ये एक दिवस, असा बेत ठरला.

रात्रीच्या गाडीने दादर आणि तेथून विरारच्या लोकलने सकाळी आम्ही नालासोपाऱ्यास उतरलो. आजच्या गजबजलेल्या वस्तीत पाहुण्याला सांगूनही खरे वाटत नाही की, हेच प्राचीन शूर्पारक होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात कल्याणबरोबर सोपाऱ्याचे नाव येते. त्याच ग्रंथात आपल्या पैठणचा आणि तेरचाही उल्लेख आहे. मराठवाड्यातील कापड तेव्हा बैलगाड्यांनी दूरच्या बंदरांवर जात असे. देशावरून कोकणात उतरणाऱ्या मालाची वाट नाणेघाटातून होती. तेथील सातवाहनांचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आजही पाहावयास मिळतो. समुद्र आपल्याला परका नव्हता. मध्यंतरी आपणच त्याला विसरलो.

सोपाऱ्यातील बौद्ध स्तूपाला लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणतात. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचे उत्खनन केले, तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक निघाले. त्याच वर्षी गावात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना सापडला. त्या लेखाचा आशय प्रत्येक सहलीला निघणाऱ्याने ध्यानात ठेवावा असा आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, तीत शिकार आणि करमणूक असे. अशोकाने त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केली, तीत श्रमणांचे व वृद्धांचे दर्शन, दान आणि गावोगावच्या लोकांशी बोलणे असे. मुलाने हसून विचारले, “मग आपली यात्रा कोणती?” मी म्हणालो, “संध्याकाळी सांगतो.”

आगाशीच्या मंदिरात मूलनायक मुनिसुव्रतस्वामी आहेत. मुंबईचे जहाजमालक मोतीशा शेठ यांचे नाव या तीर्थाशी जोडलेले आहे. मुंबईच्या पांजरापोळीची १८३४ साली स्थापना झाली, तीतही त्यांचा पुढाकार होता. दर्शन झाल्यावर सावलीत बसून घरून आणलेल्या दशम्या, खाकरे आणि कोरडी चटणी खाल्ली. बाजारातून वसईकडची प्रसिद्ध सुकेळी घेतली. तेथे बाबूजींनी नातवाला सोपाऱ्याची कथा सांगितली. ती हेमचंद्राचार्यांच्या ‘परिशिष्टपर्वा’त येते.

बारा वर्षांचा दुष्काळ पडला होता. सोपाऱ्याचे श्रावक जिनदत्त आणि त्यांची पत्नी ईश्वरी यांनी लाख मोलाचे धान्य मिळवून शेवटचा स्वयंपाक केला. पुढे काहीच उरणार नव्हते. त्या अन्नात विष कालवून सर्वांनी प्राण सोडावा, असे ठरले होते. इतक्यात आचार्य वज्रसेन गोचरीस आले. गुरूंचे वचन आठवून ते म्हणाले, “लाख मोलाचे अन्न शिजले, म्हणजे उद्या सुकाळ होणार. विष घालू नका.” दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली जहाजे बंदरात लागली. पुढे त्या कुटुंबाने दीक्षा घेतली आणि नागेंद्र, चंद्र, निवृत्ती व विद्याधर या चार पुत्रांच्या नावांनी चार कुले प्रसिद्ध झाली.

दुपारी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पोहोचलो. समोर बेटावरचा किल्ला, जो मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगीजांकडून घेतला. किनाऱ्यावर कोळी बांधवांच्या होड्या आणि वाळत घातलेली जाळी. उन्हाने जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि ती जागा घेण्यास समुद्रावरची गार हवा धावत येते. म्हणून दुपार कलू लागली की हा वारा जोर धरतो. बाबूजींची टोपी दोनदा उडाली. मुलगा गुडघाभर पाण्यात लाटांना पाठ देऊन उभा राहिला. फळी नव्हती, तरी आनंद कमी नव्हता.

बाबूजी मात्र शांत होते. मग वाऱ्यात ऐकू येईल न येईल अशा आवाजात ते बोलू लागले.

“७२ च्या दुष्काळात आपल्या दुकानात ज्वारीची शंभरावर पोती होती. भाव रोज चढत होता. तुझे आजोबा म्हणत, विकून टाकू. मी म्हटले, थांबू. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा. एक शेतकरी पायलीभर ज्वारी मागायला आला. मी म्हणालो, माल नाही. पोती मागच्याच खोलीत होती. तो काही बोलला नाही. खडी फोडायच्या कामावर निघून गेला. रात्री प्रतिक्रमणानंतर तुझ्या आजोबांनी एवढेच विचारले, ‘आज आलोयणा कशाची केलीस?’ सकाळी आम्ही खोली उघडली आणि महिन्यापूर्वीच्या भावाने ज्वारी विकली. पुढे अमेरिकेची लाल मिलो आली. तीही जहाजांनीच. पण तो माणूस पुन्हा आला नाही. त्याचे नाव मी विचारले नव्हते. दर संवत्सरीला साऱ्यांना मिच्छा मि दुक्कडं म्हणतो. त्याला कोठे जाऊन म्हणू?”

मला उत्तर सुचले नाही. जिनदत्ताच्या कथेत मी नेहमी जहाजे पाहिली होती. त्यांच्या आधीची ती एक रात्र पाहिली नव्हती. दुष्काळात भुकेल्याला एक दिवसही फार मोठा असतो, आणि तो दिवस पुष्कळदा व्यापाऱ्याच्या कुलपामागे असतो. आपल्या जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही, पुढेही येतील. तेव्हा त्या कुलपाची किल्ली आपल्या मुलांच्या हातात असेल.

चौविहार असल्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपले. परतीच्या लोकलमध्ये मुलगा आजोबांच्या शेजारी बसला. सकाळची विहारयात्रा की धर्मयात्रा ही शंका त्याने पुन्हा काढली नाही. त्याऐवजी विचारले, “आजोबा, तो शेतकरी कोणत्या रस्त्याच्या कामावर होता, ते आठवते का?” बाबूजी म्हणाले, “अंबडच्या रस्त्याला असेल.” “मग आपण तिकडच्या गावांत विचारून पाहू. कोणीतरी सांगेल.”

वाचकहो, समुद्राला अवश्य जावे. माघ-फाल्गुनात जावे, दुपारच्या वाऱ्यात किनाऱ्यावर बसावे. पण घरातील वडीलधाऱ्यांना बरोबर न्यावे आणि ते बोलू लागले की घाई करू नये. पुढच्या रविवारी आम्ही तिघे अंबडच्या रस्त्याने जाणार आहोत. पायलीभर ज्वारी बाबूजींनी आजच काढून ठेवली आहे.