चिक चॉकलेट यांची सांगीतिक कारकीर्द व ध्वनिमुद्रणे : जॅझ आणि हिंदी चित्रपटसंगीत यांच्या संदर्भात

बीजशब्द : जॅझ, गोमंतकीय वादक, स्वरलेखन, वाद्यवृंदसंयोजन, ध्वनिमुद्रिका, श्रेय

प्रस्तावना

‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाचे नाव निघाले की मराठी रसिकाला दोन माणसे हटकून आठवतात. एक, पडद्यावर नाचणारे भगवानदादा पालव. आणि दुसरे, पडद्यामागे चाली बांधणारे सी. रामचंद्र, म्हणजेच पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. याच चित्रपटातील ‘दीवाना परवाना’ या गाण्यात झालरीचे, लॅटिन अमेरिकी धर्तीचे पोशाख घातलेला एक वाद्यवृंद दिसतो. प्रेक्षकाची नजर नायक-नायिकेवर खिळलेली असल्याने त्या वादकांकडे लक्ष जातेच असे नाही. त्या वाद्यवृंदाचे प्रमुख होते अँतोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या हॉटेलांतील नृत्यशौकीन त्यांना ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखत आणि ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून त्यांचे कौतुक करीत.

वाझ यांच्या वादनाचा व रचनेचा ठेवा दोन प्रकारच्या ध्वनिमुद्रिकांत विखुरलेला आहे. पहिल्या प्रकारात, म्हणजे नृत्यसंगीताच्या तबकड्यांवर, त्यांचे नाव ठळकपणे छापलेले आहे. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर, ते बहुतांशी कोठेच नाही. त्यांचे ऐतिहासिक महत्त्व मात्र या दुसऱ्या प्रकारात अधिक आहे, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

हळदोण्याहून अपोलो बंदरापर्यंत

वाझ यांचा जन्म १९१६ मध्ये गोव्याच्या बार्देश भागातील हळदोणे या गावी झाला. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात गावोगावच्या चर्चशी जोडलेल्या संगीतशाळा होत्या. तेथे मुलांना स्वरवाचन, गायन व व्हायोलिनवादन शिकविले जाई. हेतू उपासनेत गाणारा-वाजविणारा वर्ग घडविण्याचा. परंतु या शिक्षणातून कागदावर लिहिलेले पाश्चात्त्य स्वरलेखन पाहताक्षणी वाजवू शकणारा एक मोठा समूह तयार झाला. शेतीवर भागत नसलेल्या कुटुंबांतील मुलांना या कौशल्याने ब्रिटिश हिंदुस्थानात पोट भरण्याची वाट मिळाली. लष्करी बँड, संस्थानिकांचे वाद्यवृंद, मूकपटगृहे, पुढे मोठी हॉटेले अशा सर्व ठिकाणी गोमंतकीय वादक दिसतात ते यामुळे.

मुंबईच्या जॅझला वळण लावले ते कृष्णवर्णीय अमेरिकी कलावंतांनी. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. त्यामागोमाग ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी तेथील नृत्यगृह गाजविले. (वेदरफर्ड भारतातच राहिले, १९४५ मध्ये कोलकात्यात पटकीने त्यांचे निधन झाले.) १९३९ पासून ताजमधील वाद्यवृंदाची सूत्रे मिकी कोरिया या गोमंतकीय वादकाकडे आली. शेजारच्या ग्रीन्स हॉटेलात चिक आणि त्यांचे ‘म्युझिक मेकर्स’ वाजवीत असत. ती इमारत आज अस्तित्वात नाही. तिच्या जागी ताजचा मनोरा उभा आहे.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. चर्चच्या शाळेत लिहिलेले अचूक वाजविण्यास शिकविले जाई. जॅझमध्ये मात्र लिहिलेले बाजूला ठेवून, ठरलेल्या स्वरसंगतीच्या चौकटीत तत्क्षणी नवी धून घडवावी लागते. आपल्याकडील रागविस्ताराशी याची तुलना नेहमी केली जाते. तथापि जॅझमधील वादकाला दर दोन-चार मात्रांनी बदलणाऱ्या स्वरसंगतीचे भान ठेवावे लागते, हा फरक त्या तुलनेत अनेकदा निसटतो. ही विद्या कोणत्याही मास्तराने शिकविलेली नव्हती. ती परदेशी तबकड्या पुनःपुन्हा ऐकून आणि ताजमधील पाहुण्या कलावंतांचे निरीक्षण करून मिळविलेली होती. वाझ यांनी वादनाची ढब व रंगमंचावरील वावर आर्मस्ट्राँग यांच्यावरून घेतला, यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. गुरूविना शिकणाऱ्याला अनुकरण हीच पहिली इयत्ता असते. वाचन आणि श्रवण ही दोन्ही कौशल्ये एकाच माणसात एकत्र येणे, ही पुढील काळाच्या दृष्टीने निर्णायक गोष्ट ठरली.

नाव असलेल्या तबकड्या

१९४० च्या दशकात चिक यांच्या वाद्यवृंदाची नृत्यगीते ध्वनिमुद्रित झाली. त्या काळची दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच संगीत मावत असे. ती लाखेपासून बनत असे. लाख मुख्यतः भारतातूनच जगभर जाई. तरीही महायुद्धाच्या काळात तबकड्यांच्या उत्पादनाला तिची टंचाई जाणवली. अशा तबकडीवरील चकतीवर वाद्यवृंदप्रमुखाचे नाव आणि बहुधा नृत्यप्रकार, उदाहरणार्थ ‘फॉक्सट्रॉट’, छापलेला असे. घेणाऱ्याला त्यावर नाचावयाचे असल्याने ही माहिती त्याच्या दृष्टीने महत्त्वाची होती.

या तबकड्या मोलाच्या आहेत. परंतु त्यांवरून चिक यांच्या वादनाचे अंतिम मूल्यमापन करणे धोक्याचे ठरेल. तीन मिनिटांत मूळ धून, गाणे आणि समारोप बसविल्यावर ट्रम्पेटच्या स्वतंत्र आविष्काराला थोडक्याच मात्रा उरतात. मध्यरात्रीनंतर, नाचणारे पांगल्यावर, हाच वाद्यवृंद काय वाजवीत होता त्याचे ध्वनिमुद्रण नाही. शिवाय या संगीताचा ग्राहकवर्ग युरोपीय, अँग्लो-इंडियन, पारशी व गोमंतकीय अशा शहरी गटांपुरता मर्यादित होता. गिरगावातल्या चाळीत किंवा शिरूर-दौंडच्या बाजारपेठेत चिक चॉकलेट हे नाव पोहोचले नव्हते. त्यांचे संगीत मात्र तेथे पोहोचले, आणि ते चित्रपटगीतांमधून.

नाव नसलेल्या तबकड्या

हिंदी चित्रपटगीत तयार होण्याची त्या काळातील पद्धत पाहिल्याशिवाय वाझ यांचे कार्य समजणार नाही. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल बांधी. ती मुखडा-अंतऱ्याची, एकसुरी धून असे. साहाय्यक किंवा संयोजक ती ऐकून स्वरलेखनात उतरवी. त्यानंतरचे काम बहुतांशी त्याचे : गाण्याचा आरंभ, मुखडा व अंतरा यांमधील वाद्यसंगीत, गायकाच्या ओळीमागे चालणारी दुसरी धून, आणि कोणत्या जागी क्लॅरिनेट, कोणत्या जागी सॅक्सोफोन याचा निर्णय. मग प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद लिहिला जाई. अनेक ध्वनिपट्ट्यांवर वेगवेगळे मुद्रण करण्याची सोय नव्हती. गायक व सर्व वादक एकत्र वाजवीत आणि एखाद्याची चूक झाली की गाणे पहिल्यापासून घ्यावे लागे. कागद वाचून पहिल्या तालमीत बिनचूक वाजविणारा वादक अशा ठिकाणी सोन्याच्या मोलाचा होता.

सी. रामचंद्र यांच्याकडे चिक यांनी हे साहाय्यकाचे काम केले. ‘समाधी’ (१९५०) मधील ‘गोरे गोरे’ या गाण्यामागे ‘डॉल फेस’ (१९४५) या अमेरिकी चित्रपटातील लॅटिन ढंगाचे गीत आहे, हे सर्वश्रुत आहे. ‘अलबेला’मधील ‘शोला जो भडके’मध्ये बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट व सॅक्सोफोन एकत्र येतात. लॅटिन तालवाद्ये स्टुडिओत रुजविण्यात कावस लॉर्ड या पारशी वादकाचा वाटा मोठा आहे. त्यांचे पुत्र केर्सी यांनी पुढे ग्लॉकेनश्पील, व्हायब्रफोन यांसारखी धातूच्या पट्ट्यांची वाद्ये त्याच परंपरेत आणली. ‘आशा’ (१९५७) मधील ‘इना मीना डीका’ या गाण्यात ‘माका नाका’ हे कोकणी शब्द शिरले ते जॉन गोम्स या गोमंतकीय साहाय्यकामुळे, असे सांगितले जाते. साहाय्यकांचा वावर चालीच्या किती आतपर्यंत होता, हे या लहानशा गोष्टीतून कळते. मदनमोहन यांच्यासाठीही चिक यांनी वाद्यवृंदसंयोजन केले.

म्हणून या गाण्यांचे कर्तृत्व चितळकरांकडून काढून घ्यावे, असा अर्थ मुळीच नाही. ‘अनारकली’ (१९५३) मधील चाली ज्यांनी बांधल्या, त्यांच्या स्वररचनेच्या सामर्थ्याबद्दल शंका घेणे हास्यास्पद होईल. पाश्चात्त्य वाद्यमेळाची गरज ओळखून योग्य माणसे जवळ करणे हीदेखील प्रतिभाच होय. प्रश्न एवढाच, की ‘संगीत दिग्दर्शक’ या एकवचनी पदात जे काम बसत नाही, त्याची नोंद मराठी संगीतसमीक्षेने कोठे केली? ती फारशी झालेली नाही.

गोमंतकीय वादक हॉटेलांकडून स्टुडिओकडे वळले ते मुंबई इलाख्यातील दारूबंदीमुळे, असे कारण वारंवार दिले जाते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने रात्रीच्या मैफलींना फटका बसला, हे खरेच आहे. तथापि ‘शहनाई’ (१९४७) मधील ‘आना मेरी जान’ आणि ‘पतंगा’ (१९४९) मधील ‘मेरे पिया गए रंगून’ ही गाणी पाहता पाश्चात्त्य ढंगाची मागणी चित्रपटसृष्टीत त्यापूर्वीच निर्माण झाली होती, हे स्पष्ट होते. ब्रिटिशांचे प्रस्थान व संस्थानांचे विलीनीकरण यांनी जुने आश्रयदाते गेले, आणि बोलपटाचा व्यवसाय वाढत होता. दारूबंदीने या स्थलांतराला वेग दिला; तिने ते सुरू केले नाही.

स्वतंत्र संगीतकार म्हणून चिक चॉकलेट हे नाव पडद्यावर आले ते ‘नादान’ (१९५१), ‘रंगीली’ (१९५२) आणि ‘कर भला’ (१९५६) या चित्रपटांत. ‘नादान’मध्ये देव आनंद व मधुबाला अशी जोडी असूनही त्यातील संगीताने त्यांना पहिल्या फळीत नेले नाही. स्वतंत्र संगीत दिग्दर्शकाला उर्दू-हिंदी काव्याची जाण, निर्मात्यांशी संबंध आणि गायकांच्या तारखा मिळविण्याची पत लागे; केवळ वाद्यमेळावरील प्रभुत्वावर ती गादी टिकत नसे. सबॅस्टियन डिसूझा हे शंकर-जयकिशन यांच्याकडे १९५२ पासून दोन दशकांहून अधिक काळ संयोजक होते. तेही संयोजक म्हणूनच ओळखले गेले. याउलट ख्रिस पेरी यांनी कोकणी गीतांचा मार्ग धरला. श्रोतृवर्ग लहान, पण गीत, चाल व वाद्यमेळ तिन्ही स्वतःचे. त्यामुळे गोव्यात त्यांचे नाव घरोघरी राहिले.

श्रेयाचा प्रश्न

‘महल’ (१९४९) मधील लता मंगेशकर यांच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर प्रथम गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पडद्यावरील पात्राचे नाव छापले होते. पार्श्वगायकांनी पुढे आपले नाव तबकडीवर आणले. वादक व संयोजक यांना तेवढे बळ कधीच लाभले नाही. स्टुडिओतील मोबदला गाण्यागणिक मिळे आणि तेथेच व्यवहार संपे. चिक यांचे १९६७ मध्ये मुंबईत निधन झाले. ग्रेगरी बूथ यांचा मुंबईच्या स्टुडिओ-वादकांवरील ग्रंथ २००८ मध्ये व नरेश फर्नांडिस यांचा ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही इंग्रजीत आहेत.

वादकाचे नाव गाण्यातच घालून कृतज्ञता व्यक्त झाल्याचे एक उदाहरण आहे. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविणारे मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे नाव लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील गाण्यात आले. देशभर ते तोंडी झाले; पण श्रोत्यांनी ते अमिताभ बच्चन यांच्या पात्राचेच नाव मानले. चिक यांच्या वाट्याला असे गाणेही आले नाही. ‘अलबेला’मधील झालरीच्या पोशाखातले ते दृश्य तेवढे पडद्यावर राहिले आहे.