रंग जसाच्या तसा

रंग ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. फळाचा रंग पाहून ते पिकले की नाही, हे कळते. रोग्याच्या चेहऱ्यावरील फिकेपणा पाहून वैद्य सावध होतो. भाताच्या पानाची हिरवाई रंगपट्टीशी ताडून पाहिली, म्हणजे पिकाला नत्राची गरज आहे किंवा नाही, याचा अंदाज शेतकऱ्यास बांधता येतो. रंग ही अशा प्रकारे एक वार्ताच आहे. आणि वार्ता वाटेत बदलली, तर ऐकणाऱ्याची फसगत होते. चित्रफितीतून रंग दूरवर पाठवावयाचा असेल, तर तो जसाच्या तसा पोहोचला पाहिजे, तो याच कारणासाठी. परंतु हे काम दिसते तितके सोपे नाही. संकलकाने संगणकापुढे दिवसच्या दिवस खपून रंग साधावेत, आणि तयार चित्रफीत दुसऱ्या पडद्यावर लावताच ती फिकट किंवा काळपट दिसावी, असे पुष्कळदा घडते.

ही अडचण संगणकाबरोबर जन्मास आली, असे मात्र नाही. १९३३ च्या सुमारास प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘सैरंध्री’ हा चित्रपट तयार केला. तो रंगीत करण्याची कंपनीची मोठी आकांक्षा होती. त्यासाठी त्याच्या रंगीत प्रती जर्मनीत काढण्यात आल्या. पण त्या प्रतींतील रंग मनाजोगे उतरले नाहीत. एवढ्या परिश्रमांनी केलेला तो प्रयोग सफल झाला नाही. त्या काळी रंग बिघडे तो रसायनांमुळे. आज तो बिघडतो आकड्यांमुळे.

रंगाचा आणि आकड्यांचा संबंध काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. १८६१ साली लंडन येथे जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने एक प्रयोग करून दाखविला. एका रंगीबेरंगी फितीची तीन छायाचित्रे लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांमधून घेण्यात आली होती. त्याच तीन रंगांच्या प्रकाशात ती छायाचित्रे पडद्यावर एकमेकांवर पाडताच त्या फितीचे रंग पुष्कळ अंशी प्रकट झाले. आजचा पडदाही याच तत्त्वावर चालतो. त्यावरील प्रत्येक सूक्ष्म बिंदूसाठी लाल, हिरवा व निळा प्रकाश किती असावा, हे तीन आकड्यांनी सांगितलेले असते. हे आकडे सामान्यतः ० पासून २५५ पर्यंत असतात, आणि त्यांच्या मेळाने १,६७,७७,२१६ रंगछटा लिहिता येतात.

मग आकडे तेच असता रंग का बदलावा? याचे उत्तर जुन्या मापांत सापडते. पूर्वी आपल्या देशात शेर हे माप होते. परंतु एका प्रांताचा शेर दुसऱ्या प्रांताच्या शेराएवढा नसे. ‘पाच शेर’ एवढे शब्द कागदावर सारखेच. पदरात पडणारे धान्य मात्र निराळे! १९५८ पासून देशात किलोग्रॅमचे माप लागू होऊ लागले, आणि हा घोटाळा हळूहळू मिटला. रंगांचेही तसेच आहे. ‘लाल २५५’ म्हणजे कोणता लाल, हे ठरलेले नसेल, तर प्रत्येक पडदा आपल्याजवळचा लाल दाखवील.

म्हणून रंगांचीही प्रमाणे ठरविण्यात आली. अनेक माणसांच्या दृष्टीची परीक्षा घेऊन १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने रंग मोजण्याची पद्धती निश्चित केली. पुढे १९९० साली दूरचित्रवाणीच्या सुस्पष्ट चित्रांसाठी ‘रेक ७०९’ हे प्रमाण आले, आणि २०१२ साली अधिक विस्तृत रंगांचे ‘रेक २०२०’ हे प्रमाण आले. संकलकाने चित्रफीत एका प्रमाणाने रंगविली आणि पाहणाऱ्याच्या यंत्राने ती दुसऱ्या प्रमाणाने वाचली, की रंग भडक तरी होतात किंवा निस्तेज तरी होतात. यावर उपाय असा, की तयार चित्रफितीच्या फाइलमध्ये तिच्या प्रमाणाचे नाव नोंदवावे. ही नोंद म्हणजे बरणीवरील चिठ्ठीच होय. चिठ्ठी नसली, की यंत्र आपल्या समजुतीप्रमाणे अंदाज बांधते. आणि अंदाज चुकला, की रंगही चुकतो.

दुसरे कारण काळ्या व पांढऱ्या रंगाच्या सीमांचे. संगणकाच्या चित्रात गडद काळा म्हणजे ० आणि शुभ्र पांढरा म्हणजे २५५. दूरचित्रवाणीच्या परंपरेत मात्र काळा १६ वर व पांढरा २३५ वर धरतात. १६ हा काळा आहे, हे यंत्रास कळले नाही, तर ते त्यास करडा समजते. मग रात्रीचे आकाश धुरकट होते आणि पांढरे वस्त्र मळकट दिसते. याच्या उलट चूक झाली, तर काळ्या केसांच्या बटा एकमेकींत मिसळून नुसता काळा डाग उरतो.

तिसरे कारण प्रकाशाच्या चढणीचे. आकडा निम्मा केला, म्हणजे पडद्याचा प्रकाश निम्मा होतो, असे नाही. मनुष्याच्या डोळ्यास अंधारातील लहान फरक अधिक जाणवतात. म्हणून बरेचसे आकडे अंधाऱ्या छटांसाठी राखलेले असतात. त्यामुळे निम्म्या आकड्याला पूर्ण प्रकाशाचा सुमारे पाचवा हिस्साच मिळतो. पण ही चढण सर्वत्र सारखी नसते. एका रीतीने त्या आकड्याला शंभरातील १९ भाग प्रकाश मिळतो, तर दुसऱ्या रीतीने २२ भाग. फरक थोडा असला, तरी चेहऱ्यावरील छाया त्यामुळे उथळ दिसू लागतात.

चौथे कारण यंत्रात नसून पाहणाऱ्याच्या भोवती असते. भर उन्हात अंगणात पाहिलेले चित्र व अंधाऱ्या खोलीत पाहिलेले तेच चित्र डोळ्यांस सारखे वाटत नाही. पडदाही जुना झाला, म्हणजे त्याचा प्रकाश मंदावतो.

म्हणून दक्ष संकलक केवळ डोळ्यांवर विसंबत नाही. तो मापकयंत्र लावून आपला पडदा प्रमाणाशी जुळवून घेतो. खोलीतील उजेड मंद व स्थिर ठेवतो. काम आरंभण्यापूर्वीच तो संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रमाण निश्चित करतो. रंगांचे आकडे आलेखावर तपासतो. आणि चित्रफीत बाहेर काढताना तीच नोंद फाइलमध्ये कायम ठेवतो. शेवटी ठाऊक असलेल्या रंगांचे पट्टे त्याच वाटेने पाठवून ते दुसऱ्या टोकास कसे उतरतात, हे तो पाहतो. पट्टे बदलले, तर दोष वाटेत कोठेतरी आहे, हे उघड होते.

इतके करूनही जगातील प्रत्येक पडद्यावर रंग तंतोतंत सारखा दिसेल, असे नाही. कारण पाहणाऱ्याचा पडदा संकलकाच्या हाती नसतो. तथापि आपल्याकडून निघालेला रंग प्रमाणास धरून असावा, एवढे तर त्याच्या हाती असते. दुकानदाराने आपला तराजू खरा ठेवावा, तसेच हे आहे. पुढे कोणी ती चित्रफीत योग्य पडद्यावर लावील, तेव्हा भाताचे पान जेवढे हिरवे होते तेवढेच हिरवे दिसेल, आणि माणसाचा चेहरा त्याच्या स्वतःच्या वर्णाने दिसेल.