फितीत अडकलेली शिवारे

कागदाला वाळवी लागते, हे आपल्याला माहीत आहे आणि त्यावरचे उपायही माहीत आहेत. मोडी दफ्तर कसे उलगडावे, जीर्ण बाडाचे पान कसे सोडवावे, याचे शास्त्र आपल्याकडे जुने आहे. पण साधारण १९९० नंतरच्या पंधरा वर्षांतली बरीच स्थानिक साधने कागदावर उरलेली नाहीत. तालुक्याची छापखाने, साप्ताहिके, पतसंस्था, शाळा यांनी आपले काम संगणकावर केले आणि त्याची राखीव प्रत चुंबकीय फितीवर ठेवली. आज ती फीत वाचण्यासाठी जुना टेप ड्राइव्ह जोडावा, तर संगणकच गोठतो. मग ‘यंत्र मेले’ असे म्हणून फीत अडगळीत जाते. प्रत्यक्षात यंत्र मेलेले नसते. ते का अडते, हे समजले तर पुष्कळ वाचवता येते. म्हणून हा लेख.

स्थलनामांचा अभ्यास हे माझे जुने वेड. पोटापाण्याचा उद्योग वेगळा. संगणकाचे शिक्षण म्हणाल, तर ते दुरुस्तीच्या दुकानात बसून आणि यंत्राबरोबर येणारी माहितीपुस्तके वाचून झालेले. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या त्या एका पुनर्वसित गावामुळे. धरणात गेलेल्या चार गावांच्या शिवारातली नावे तिथल्या एका प्राथमिक शिक्षकांनी वीस वर्षे खपून गोळा केली होती. सातबाऱ्यावर गट क्रमांक मिळतो, पण त्या तुकड्याला लोक काय म्हणत, हे बहुतेकदा मिळत नाही. पानमळा, कुंभारटेक, सतीचा माळ, वंजाऱ्याचा तळ ही नावे माणसांच्या तोंडीच असतात. पानमळा म्हटले की तिथे बारमाही पाणी होते, हे कळते. वंजाऱ्याचा तळ म्हटले की मिठाच्या बैलतांड्यांची वाट शोधायला दिशा मिळते. गाव पाण्याखाली गेले की पुरावा म्हणून नावच उरते.

शिक्षकांचे पुस्तक १९९८ मध्ये तालुक्याच्या छापखान्यात जुळवून झाले, पण छापले गेले नाही. छापखाना बंद पडला, गुरुजी वारले, वह्या पावसात भिजल्या. उरली ती काडेपेटीपेक्षा थोडी मोठी एक कॅसेट, तिचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणि छापखान्याचा जुना संगणक.

फीत आणि तिचा पाट

कॅसेट ‘डीडीएस-२’ जातीची होती. ध्वनिमुद्रणासाठीची डॅट फीत १९८७ मध्ये आली. तिच्यावरून सोनी आणि एचपी या कंपन्यांनी १९८९ मध्ये संगणकासाठी डीडीएस पद्धत आणली. फितीची रुंदी जेमतेम ४ मिलिमीटर, लांबी १२० मीटर आणि साठा ४ जीबी. अशा कॅसेटींवर अनेकदा ८ जीबी असाही आकडा असतो. तो मजकूर दाबून निम्मा होईल, असे गृहीत धरून छापलेला असतो.

हा ड्राइव्ह संगणकाला ‘स्कझी’ नावाच्या जोडणीने जोडतात. तिची गंमत अशी, की एकाच तारेवर अनेक यंत्रे असतात. शेतकऱ्याला हे लगेच समजेल. पाट एक, शेते अनेक, आणि प्रत्येकाला पाळीने पाणी. साध्या स्कझीवर ० ते ७ असे आठ क्रमांक असतात; त्यांतला ७ हा बहुधा संगणकातल्या कार्डाचा. आता एकाच क्रमांकाचे दोन वाटेकरी झाले, पाटाचे टोक नीट बांधलेले नसले, किंवा पाळी घेतलेला माणूस पाणी सोडेचना, तर सगळाच पाट तुंबतो. संगणकाची मुख्य हार्ड डिस्कही त्याच पाटावर असेल, तर संगणक गोठणारच. दोष एका यंत्राचा, पण थांबतात सगळी.

गोठण्याचे तीन प्रकार

‘संगणक गोठला’ हे वर्णन ‘पोटात दुखते’ असे सांगण्यासारखे आहे. केव्हा गोठला, हे विचारल्याशिवाय निदान होत नाही.

पहिला प्रकार सुरुवातीचा. वीज दिल्यावर कार्ड आपल्या तारेवर कोण कोण आहे याची हजेरी घेते आणि तिथेच थांबते. अशा वेळी क्रमांकांची टक्कर किंवा तारेची टोके हीच संशयित असतात. तारेतून जाणारा विद्युतसंकेत मोकळ्या टोकाशी पोहोचला, की बांधाला आपटलेल्या लाटेसारखा मागे फिरतो आणि नव्या संकेतात मिसळतो. तो शोषून घेण्यासाठी तारेच्या दोन्ही टोकांना ‘टर्मिनेटर’ लागतो. दोनच, आणि टोकांनाच. आत हार्ड डिस्क आणि बाहेर टेप ड्राइव्ह असेल, तर कार्ड मधोमध येते. तेव्हा कार्डावरचा टर्मिनेटर बंद हवा आणि बाहेरच्या ड्राइव्हच्या मोकळ्या खोबणीत स्वतंत्र टर्मिनेटर हवा. आमच्या ड्राइव्हच्या मागचा क्रमांक ४ होता, हार्ड डिस्कचा ०, टक्कर नव्हती. पण मोकळ्या खोबणीत काहीच नव्हते. छापखान्याच्या सामानाच्या हलवाहलवीत ते बोटभर खोके हरवले होते. जुन्या बाजारातून तसेच दुसरे आणून बसवले आणि हजेरी पुरी झाली. तारेची लांबीही पाहावी: साध्या वेगाच्या स्कझीला एकूण ६ मीटर, ‘फास्ट’ला ३ मीटर, आतली पट्टीही त्यात धरायची.

दुसरा प्रकार मधला. संगणक नीट सुरू होतो, कॅसेटही दिसते, पण फीत पुढे-मागे सरकवायला सांगितले की पडदा जागीच थिजतो. इथे पाळी न सोडण्याचा दोष असतो. फीत हे संथ साधन. ती गुंडाळली जात असताना ड्राइव्हने तार मोकळी करून काम झाल्यावर पुन्हा हाक मारायची, अशी स्कझीत सोय आहे. तिला ‘डिस्कनेक्शन’ म्हणतात. कार्डाच्या मांडणीत प्रत्येक क्रमांकासाठी ही परवानगी वेगळी द्यावी लागते. आमच्याकडे ४ क्रमांकासाठी ती बंद होती. म्हणजे फीत गुंडाळून होईपर्यंत हार्ड डिस्कला पाणी नाही. परवानगी दिल्यावर संगणक काम करू लागला.

तिसरा प्रकार खरे तर गोठणे नव्हेच. एखादा भाग नीट वाचता आला नाही, की ड्राइव्ह मागे जाऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. लिनक्समधला टेपचा चालक मूळ मांडणीत एका साध्या आज्ञेसाठी ९०० सेकंद, म्हणजे पाव तास वाट पाहतो. अशा वेळी वीज तोडू नये. फीत फिरत्या डोक्याभोवती गुंडाळलेली असते. ती तशीच अडकून राहते. ड्राइव्हला कान लावावा. लयीत पुढे-मागे जाण्याचा आवाज येत असेल, तर तो मेहनत करतो आहे. थांबावे. नंतर साफसफाईची कॅसेट एकदा फिरवावी.

क्रम पाळावा

या साऱ्या तपासण्या मूळ फितीवर कधीच करू नयेत. ज्यात काही गमावण्यासारखे नाही, अशी कॅसेट घालून ड्राइव्हची परीक्षा घ्यावी. मूळ कॅसेटची लेखनबंदीची सरकपट्टी आधी सरकवून घ्यावी. डीडीएसमध्ये छिद्र उघडे म्हणजे लेखन बंद. पावसाळी भागातून आलेली फीत एक दिवस खोलीच्या हवेत राहू द्यावी. तारा जोडताना दोन्ही यंत्रांची वीज बंद हवी. मग आधी ड्राइव्ह, नंतर संगणक सुरू करावा. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा.

वाचन सुरू झाले, की आतल्या फाइली शोधत बसू नये. आधी फितीवरचे सारे जसेच्या तसे, ठोकळ्यामागून ठोकळा, हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे. फीत आणखी किती फेऱ्या सोसेल, याची खात्री नसते. उतरवलेल्या प्रतीशी मात्र हवे तितके दिवस झगडता येते.

लिपीची गाठ

आमची फीत बहुतांश उतरली. फाइली उघडल्या, तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा. हा बिघाड नव्हे. त्या काळी छापखान्यांतले देवनागरी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण छपाईच्या धंद्यात ती रुळायला बराच काळ गेला. फॉन्टचे नाव फाइलीतच मिळाले आणि चिन्हामागून चिन्ह लावून तक्ता केला. त्यात दोन खाचाखोचा असतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर. ‘वर्ष’मधला रफार जुन्या मजकुरात ‘ष’नंतर असतो, युनिकोडमध्ये त्याआधी ‘र्’ म्हणून. हे दोन नियम उलटले, की पाने वाचता येऊ लागली.

तीन गावांची नावे पूर्ण मिळाली. चौथ्याच्या फाइलीचा शेवटचा भाग फितीनेच दिला नाही. चार ड्राइव्ह बदलले, तरी नाही. तेव्हा मिळालेली यादी मोठ्या अक्षरांत छापून पुनर्वसित गावात नेली. माहेरही त्याच गावचे असलेल्या दोन वृद्ध बायकांनी पाणवठ्याच्या वाटेवरून मनाने चालत एकोणीस नावे सांगितली. ती मी यादीत वेगळ्या खुणेने घातली आहेत, कारण फितीतला पुरावा आणि आठवणीतला पुरावा यांची सरमिसळ होऊ नये.

आपल्या तालुक्यात बंद पडलेला छापखाना असेल, तर कपाटाचे खालचे खण एकदा पाहावेत. कॅसेट सापडली तर ड्राइव्ह, तारा आणि टोकाचे ते बोटभर खोकेही बरोबर उचलावे. भंगारवाला ते खोके सगळ्यात आधी टाकून देतो.