ताटाखालचा काटा

खिचडीवर कच्चं तेल घेतल्याशिवाय आमच्याकडे कुणाचं जेवण होत नाही. तूप पाहुण्याला आणि सणावाराला. रोजच्या खिचडीवर शेंगदाण्याचं तेल, तेही चमच्याने नव्हे, धार लावून. देशावरचे सोयरे पहिल्यांदा खान्देशात, आमच्या साक्रीला, जेवायला आले की ही धार बघून हात आखडता घेतात, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच किटली मागतात.

गेल्या श्रावणात एका रात्री मी ती किटली नव्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली. बटण दाबून आकडा शून्यावर आणला, किटली उचलली, रोजच्यासारखी धार सोडली आणि किटली परत जागेवर ठेवली. काट्यावर उमटलं : उणे ३८.

शेजारी माय बसली होती. ती चार दिवसांपासून त्या पांढऱ्या पाटीकडे संशयाने बघत होती. "हाई काय शे?" हे विचारून झालं होतं. "भाकर तोलीसन खातस का कोनी?" हेही झालं होतं. पण तेलाच्या भांड्याखाली 'उणे' दिसावं हे तिला अजिबात रुचलं नाही. आमच्या घरात तेल-मीठ संपलं असं कुणी म्हणत नाही, 'वाढलं' म्हणतात.

हिशेब मात्र सरळ होता. एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी, ३८ ग्रॅमच्या झाल्या ३४२. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात ३४९ असतात. आमच्याकडची एक भाकर जवळजवळ तेवढ्याच पिठाची. म्हणजे वजन उतरावं म्हणून मी तीन महिने रोज एक भाकर सोडत होतो आणि खिचडीच्या दिवशी तीच भाकर धारेतून पोटात ढकलत होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात २००० कॅलरींच्या ताटाला दिवसभराचं तेल-तूप धरलंय २७ ग्रॅम. दिवसभराचं. फोडणीसकट.

साक्रीत काटा हा शब्द नवा नाही. बाजार समितीत मापाडी आहे, तोलाई आहे, आणि 'काटा मारला' ही तक्रारही आहे. सराफाकडे गुंजभर सोन्याचा काटा असतो, सुरत महामार्गावर ट्रकांचा धर्मकाटा. पण हे सगळे काटे विकण्या-घेण्याचे. चुलीपाशी काटा कधी आलाच नाही, कारण घरात तोलायचं नसतं, मापायचं असतं. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. आणि त्याखाली मूठ, ओंजळ, चिमूट. पीठ परातीत पडताना बाई मोजत नाही, तिचा हात मोजतो.

वजनाचा शेर वेगळा. ऐंशी तोळ्यांचा तो शेर आजच्या हिशेबाने ९३३ ग्रॅम भरतो. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, १९६२ पर्यंत शेर-छटाक व्यवहारातून कायद्याने गेले. शब्द गेले नाहीत. शेवभाजीसाठी आजही आपण पावशेर शेवच मागतो. जुना पावशेर २३३ ग्रॅमचा होता, दुकानदार आता २५० देतो. शब्द तोच राहिला आणि पुडी सतरा ग्रॅमनी जड झाली. हाताच्या अंदाजाचंही असंच झालंय असं मला हल्ली वाटतं.

हाताने मापायची आपल्याकडची सगळ्यात सुंदर रीत कानबाईच्या रोटांची. श्रावणात कानबाई बसते तेव्हा रोटांसाठी गहू घेताना घरातल्या पुरुषांची नावं घेतात आणि माणशी सव्वा मूठ धान्य काढतात. पाळण्यातल्या पोराचीही सव्वा मूठच. मग ते रोट भाऊबंदांतच खाऊन संपवायचे, घराबाहेर द्यायचे नाहीत. माणशी माप आणि उरवायचं नाही, हे दोन्ही नियम ज्या सणात आहेत त्याला मी तरी खान्देशातलं पहिलं आहारशास्त्र म्हणेन. एक गोष्ट खटकते : मूठ बाईची आणि नावं फक्त पुरुषांची.

अन्न तोलून खाण्याचा पहिला मोठा प्रयोग इटलीतल्या पादुआ विद्यापीठातल्या सांतोरिओ नावाच्या वैद्याने केला. हा गृहस्थ तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून जेवायचा. किती खाल्लं, किती प्यालं, शरीरातून किती बाहेर पडलं, याची टिपणं त्याने सुमारे तीस वर्षं ठेवली आणि १६१४ साली पुस्तक काढलं. आत गेलेल्या अन्नाचा बराचसा भाग मलमूत्रात सापडत नाही, तो न दिसता घामा-श्वासातून निघून जातो, हे त्याने वजनावरून दाखवलं. अन्न शरीरात 'जळतं' हे कळायला मात्र आणखी दीडएकशे वर्षं लागली.

आपल्या धान्यांची मोजणी झाली ती पोषण संस्थेत. ही संस्था १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरीच्या चौकशीसाठी एका खोलीत सुरू झाली आणि १९५८ मध्ये हैदराबादला आली. सी. गोपालन, रामशास्त्री आणि बालसुब्रमण्यम यांनी १९७१ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची तक्ते-पुस्तिका काढली. आहारतज्ज्ञांच्या टेबलावर ती अजूनही दिसते, आणि ज्वारीचे ते ३४९ तिच्यातलेच. २०१७ च्या नव्या तक्त्यांत ५२८ पदार्थ आहेत. पण शेवभाजी, डुबुकवड्या, फौजदारी डाळ असं शिजलेलं काही तिथे शोधू नये. शिजवणाऱ्या हाताप्रमाणे आकडा बदलतो, म्हणून तक्ता कच्च्या मालाचा असतो.

भरिताचं उदाहरण घेऊ. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वांगं म्हणजे शंभर ग्रॅमला २४ कॅलरी, किलोभर वांग्यात २४०. काड्यांवर भाजलेल्या त्या वांग्याइतकं निष्पाप अन्न शोधून सापडणार नाही. मग शंभर ग्रॅम तेल पडतं, त्याच्या ९००. मूठ-दोन मूठ शेंगदाणे पडतात. ते शंभर ग्रॅम धरले तर ५६७. खोबऱ्याचे काप मी मोजतच नाही. सतराशेच्या पातेल्यात वांग्याचा वाटा सातवा. भरीत पार्टीत मात्र प्रत्येक जण म्हणतो, "वांगंच तर आहे," आणि कळण्याची तिसरी भाकर मोडतो.

हे तेल, ही भाकर चुकीची होती का? नव्हती. २०२० च्या पोषण संस्थेच्या शिफारशीत ६५ किलोच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी दिवसाला २११० कॅलरी धरल्यात, जड अंगमेहनतीसाठी ३४७०. फरक १३६०. भागा ३४९ ने : जवळजवळ चार भाकरी. माझे वडील मोटेवर, नांगरावर होते आणि मी दुकानाच्या गल्ल्यावर. त्यांच्या ताटातल्या चार भाकरी माझ्या ताटातून जायला हव्या होत्या. त्या कुणी काढल्या नाहीत, कारण वाढणारा हात तोच होता. त्या हाताचा अंदाज पक्का आहे, फक्त तो वावरातून परत येणाऱ्या माणसाचा आहे.

आणि खाणाऱ्याचा अंदाज तर विचारूच नये. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी अशी माणसं निवडली, जी म्हणत होती की आम्ही बाराशे कॅलरींच्या आतच खातो तरी वजन उतरत नाही. शरीर खरोखर किती ऊर्जा वापरतं हे शास्त्रीय पद्धतीने मोजल्यावर दिसलं की ती माणसं आपलं खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होती आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. त्यांच्या शरीराच्या भट्टीत काहीही बिघाड नव्हता. मला ती माणसं लबाड वाटत नाहीत. मलाही कुणी विचारलं असतं तर 'थोडं तेल' असंच सांगितलं असतं.

या काट्याची दुसरी बाजू मात्र साक्रीत बसून विसरता येत नाही. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या मजुराचं माप ठरवलं : माणशी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे. साडेचारशे ग्रॅम ज्वारी म्हणजे फार तर १६०० कॅलरी, आणि काम खडी-मातीचं. मद्रासचे आरोग्य आयुक्त कॉर्निश यांनी हे माप अपुरं असल्याचं ठणकावून सांगितलं. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे निवेदनं धाडली. १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि मिलो तर आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतात. आजही अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, दिवसाला १६६ ग्रॅम. पोषण संस्थेच्या ताटात धान्य आहे २५० ग्रॅम. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते पाचवीच्या पोराला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५ ग्रॅम तेल असं प्रमाण ठरलेलं आहे. पश्चिमेकडच्या आदिवासी पाड्यांवर अंगणवाडीचा काटा पोराचं वजन वाढतंय का बघतो. त्याच तालुक्यात मी माझं उतरतंय का बघतो. काटा एकच, आणि तो घेऊन बसताना मला कधीकधी ओशाळल्यासारखं होतं.

शिवाय ताटाचं आणि अंगाचं वजन म्हणजे तब्येत नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये एक छायाचित्र छापलं : एक ते स्वतः, दुसरे त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपली किडकिडीत माणसंही आतून लठ्ठ असू शकतात, म्हणून काट्याइतकीच कंबरेची टेप महत्त्वाची.

महाराष्ट्रात डाएट म्हटलं की डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं नाव निघतं. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून त्यांनी पुढे नेलेली पद्धत काहीच तोलायला सांगत नाही : दिवसात दोनदा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवा. साक्रीत ती झपाट्याने का पसरली हे उघड आहे. आपल्याला वेळ पाळता येते, वाढणाऱ्याचा हात धरता येत नाही. पण दोनच जेवणांत दोन्ही वेळा धार लावणारेही मी पाहिलेत.

काटा घ्यायचाच असेल तर चार अनुभवाचे बोल. काचेच्या खाली ताणमापक पट्टी असलेला छोटा तोलघटक असतो. तो किंचित वाकतो आणि त्या वाकण्याचा आकडा होतो. म्हणून तो सपाट ओट्यावर ठेवा, गादीवर-चटईवर नको. खरा आहे का हे बघायला २०११ नंतरची दहा रुपयांची जुन्या घडणीची दहा नाणी ठेवा. एक नाणं ७.७१ ग्रॅमचं, म्हणजे ७७ दिसायला हवेत. भाकर नव्हे, पीठ तोला, कारण भाकरीत पाणी किती राहिलं ते तव्याला माहीत. भाताचंही तेच : शंभर ग्रॅम तांदळाचा भात पावणेतीनशे-तीनशे भरतो. खिचडीचं पातेलं आधी रिकामं तोलून आकडा भिंतीवर लिहून ठेवा, मग शिजल्यावर वजा करा. शून्यावर आणायचं ते बटण म्हणजे आपला पासंगच. पूर्वी दुकानदार भांड्याच्या वजनाचा दगड दुसऱ्या पारड्यात टाकायचा, तोच आता आत बसलाय. आणि चिमूटभर हिंग-मिठाच्या नादाला लागू नका, पाच ग्रॅमच्या खाली हे काटे अडखळतात. ज्यांना प्रत्येक घासाचा आकडा डोक्यात घुमायला लागतो, जेवणाची भीती वाटायला लागते, त्यांनी तो सरळ उचलून माळ्यावर टाकावा.

मी पाच आठवडे तोललं. सहाव्या आठवड्यात धार न तोलता सोडली आणि मग पाहिलं : उणे ११. हात शिकला होता. मायनेही तिची खिचडी मुकाट्याने काट्यावरून नेली, फक्त आकडा वाचून दाखवू नको म्हणाली.

परवा वजनं टिपून ठेवलेली वही चाळताना लक्षात आलं, रकाने तीन आहेत. माझा, मायचा, पोराचा. बायकोचा नाहीच. तिला म्हटलं, उद्यापासून तुझंही ताट काट्यावर ठेव. ती तेव्हा ओट्यापाशी उभी होती, सगळ्यांचं झाल्यावर. डाव्या हातात कढई, उजव्या हातात भाकरीचा चतकोर, आणि कढईच्या कडेला लागलेलं तेल-मसाला ती त्या तुकड्याने पुसून घेत होती.

"ठेवते की," ती म्हणाली. "पण ताट कुठे आहे?"